किल्ला 2025 : राजगड, सात फूट बाय पाच फूट

20 सप्टेंबर, शनिवार. जागा आणि माप

दिवाळीला मुलांबरोबर करायचा मातीचा किल्ला यंदा राजगड. मुलांच्या मतदानात प्रतापगड दोन मतांनी पडला. जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. राजगड त्या बारांत आहे, त्यामुळे त्याचा नकाशा मुलांच्या ओळखीचा झालाय.

मातीत करायला राजगड अवघड, पण मुलांना वाटून द्यायला याच्याइतका सोयीचा किल्ला नाही. मधे बालेकिल्ला, म्हणजे गडाचा सगळ्यांत उंच भाग, आणि तीन बाजूंना तीन माच्या, म्हणजे त्याखालच्या पसरलेल्या, तटबंदीच्या सोंडा. प्रत्येक माचीला चार-पाच मुलांची तुकडी दिली की "माझा बुरूज का मोडलास" हे भांडण निम्म्यावर येतं. एकच उंच डोंगर असलेला किल्ला घेतला तर दहा हात एकाच टोकावर येतात आणि तीन वर्षांचं मूल कायम मागे राहतं.

जागा बघताना चार गोष्टी तपासल्या. सकाळी आठपर्यंत ऊन येतं का (किल्ल्यावर हिरवळीसाठी लावायच्या अळिवाला लागतं), वरून पन्हाळीचं पाणी पडतं का, नळ जवळ आहे का, आणि सगळ्या बाजूंनी फिरता येतं का. भिंतीला टेकवून किल्ला केला की वीट-माती वाचते हे खरं. पण भिंतीत ओल उतरते, रंगाला पोपडे येतात, आणि मुलांना कामाला एकच बाजू उरते. म्हणून कंपाउंडच्या भिंतीपासून दीड फूट जागा सोडली.

माप हाताच्या पोचेवरून ठरवलं. उकिडवं बसलेल्या पाच वर्षांच्या मुलाचा हात साधारण 45 ते 50 सेंटीमीटर आत जातो. माची 19 इंच रुंद ठेवली तर दोन्ही बाजूंनी मधोमध आरामात हात पोचतो, आणि माच्यांच्या मधल्या घळींत मूल पाय ठेवून आत शिरू शकतं. ठरलेली मापं अशी: संजीवनी 42 इंच लांब, सुवेळा 30, पद्मावती 20 पण रुंदीला 26, कारण मूळ गडावरही तीच सगळ्यांत ऐसपैस आहे. माच्यांची उंची 13 इंच, बालेकिल्ला 26 इंच.

दिशा खऱ्याच ठेवायच्या: पद्मावती उत्तरेला, सुवेळा पूर्वेला, संजीवनी नैऋत्येला. फोनमधलं होकायंत्र काढू नये. सकाळी उगवतीकडे तोंड करून मुलांना उभं केलं की डाव्या हाताला उत्तर आपोआप सापडते, आणि सुवेळा माचीवर पहिलं ऊन का पडतं तेही वेगळं सांगावं लागत नाही. रेषा खडूने आखल्या, मग त्यावर रांगोळी. नुसता खडू एका पावसात जातो.

22 सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना, बियाणांची चाचणी

घरोघरी घट बसले. परडीतलं धान रोज किती वाढतं हे मुलांनी पट्टीने मोजून लिहायचं. किल्ल्यावर कधी काय पेरायचं याचं वेळापत्रक त्यातूनच निघतं.

बाकी बी किराणा दुकानातलं. ओल्या फडक्यावर प्रत्येकी 20 दाणे मोजून ठेवले, फडकं ताटलीत, वर वाटी पालथी. मोजणी चार वर्षांच्या मुलांकडे दिली. वीसपर्यंत मोजायचा कंटाळा न येणारी माणसं त्याच वयात मिळतात.

अळीव दुसऱ्या दिवशी 18, मोहरी तिसऱ्या दिवशी 17, नाचणी चौथ्या दिवशी 16 उगवली. 20 पैकी 15 च्या खाली आलं तर बी जुनं समजावं आणि बदलावं. जास्त दाणे टाकून भरपाई करू नये, न उगवलेले दाणे कुजतात आणि शेजारच्यांना बुरशी लावतात. एका घरून मोहरीची डाळ आली होती, लोणच्याची. ती उगवत नाही, तिचा कोंब दळतानाच गेलेला असतो. हा फरक कळावा म्हणून तिचीही ताटली मुद्दाम ठेवली आणि मुलांनी पाच दिवस तिची वाट पाहिली.

28 सप्टेंबर, रविवार. सामान

विटा 90, त्यातल्या निम्म्या अर्ध्या-मुर्ध्या. दगड आणि खडी 10 घमेली. तांबडी माती 14, वाळू 4, लाकडाचा भुसा 2 घमेली. गोणपाटाची पोती 5. उसवली की एका पोत्याचं दुप्पट कापड होतं, मापाला एवढी पुरतात. अळीव 80 ग्रॅम, मोहरी आणि नाचणी प्रत्येकी 60 ग्रॅम. हिशेब सोपा: चौरस फुटाला साधारण 10 ग्रॅम.

प्लास्टिकच्या विणलेल्या गोण्या फुकट मिळतात, पण घेऊ नयेत. त्यावर चिखल धरत नाही, वाळला की पापुद्र्यासारखा अख्खा घसरून खाली येतो. ताग चिखल पितो, म्हणून तो धरतो.

काळी माती एकटी वापरू नये. ओली असताना फुगते, वाळताना आकसते, आणि किल्ल्यावर बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तीच मिळत असेल तर निम्मी वाळू घालावी.

माती वाळूच्या चाळणीतून चाळली. हे काम तीन-चार वर्षांच्या मुलांचं, पण आधी मोठ्यांनी एकदा हाताने फिरवून काचा, खिळे, ब्लेडचे तुकडे काढायचे. शेजारी एक डबा ठेवला: "मातीत सापडलेलं". सहा गोट्या, एक गंजलेली किल्ली, गोगलगाईचे शंख, एक बटण. चाळणं संपलं तरी डब्याभोवतीची गर्दी हटली नाही. मोठ्यांनी हा वेळ धरून ठेवावा, त्याला कामाचा खोळंबा म्हणू नये.

मातीत हात घालणाऱ्या मुलांची लसीकरणाची कार्डं बघून घेतली. धनुर्वाताचा भाग असलेला त्रिगुणी बूस्टर पाच-सहा वर्षांना असतो, पुढचा डोस दहाव्या वर्षी. मधलं एखादं राहिलेलं असतं. हातमोजे देऊन उपयोग नाही, दहा मिनिटांत काढून टाकतात. नखं कापलेली असणं आणि संपल्यावर साबणाने हात धुणं, एवढं पुरतं.

2 ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

घमेली, थापी, चाळणी, मुलांची खेळण्यातली फावडी एका ओळीत मांडून पूजा. झेंडूची उरलेली फुलं वाळवून ठेवली, पायथ्याला शेत करायला लागतील.

4 ऑक्टोबर, शनिवार. विटांचा सांगाडा

खाली जुनं जाड प्लास्टिक अंथरलं, म्हणजे शेवटी फरशी खरवडावी लागत नाही.

विटा दहा मिनिटं बादलीत बुडवून मगच लावायच्या. कोरडी वीट चिखलातलं पाणी शोषते आणि पहिला थर तिथेच सुटतो. बुडवल्यावर बुडबुडे येतात. ते थांबेपर्यंत मोजायचं काम लगेच चार जणांनी घेतलं. एक वीट 60 पर्यंत बुडबुडली. मोजणारा 40 नंतर पुन्हा 30 वर गेला होता, तेव्हा हा आकडा अंदाजेच धरावा.

माच्यांना विटा आडव्या, दोन थर, त्यावर दगड. बालेकिल्ल्याला मधे चार विटा उभ्या आणि चारही बाजूंनी मोठे दगड घट्ट दाबून. इथेच दरवर्षी चूक होते. उंचीच्या नादात उभ्या विटांचा नुसता मनोरा करतात, वर ओलं गोणपाट पडलं की तो कलतो. भिजलेल्या पोत्याचं वजन चिखलासकट सहज सात-आठ किलो भरतं. तळाची रुंदी उंचीच्या निदान दीडपट ठेवावी. हलवून बघायचं, डुगडुगलं तर उतरवून पुन्हा.

पोकळी भरायला पुठ्ठ्याची खोकी वापरू नयेत. दोन दिवस छान दिसतं, तिसऱ्या दिवशी खोकं भिजून बसतं आणि माची मधोमध खचते.

गुडघ्याच्या वरची वीट मोठ्यांनी उचलायची, खालची मुलांनी. मोठ्यांसाठी ठरलेल्या चार कामांतलं हे पहिलं. उरलेली तीन: धारदार पातं, चुना आणि वीज. बाकी कशालाही मागितल्याशिवाय हात लावायचा नाही. हा नियम कागदावर लिहून झाडाला बांधला, कारण तो मुलांपेक्षा बाबालोकांना जास्त लागतो.

5 ऑक्टोबर, रविवार. चिखल

सगळ्यांत मोठा दिवस. सकाळी साडेसात ते साडेदहा, पुढे ऊन लागतं.

प्रमाण: तांबडी माती 3 घमेली, वाळू 1, भुसा अर्धं. भुशाने भेगा आवरतात. गवताचे बोटभर तुकडे किंवा थोडं शेण घातलं तरी तेच काम होतं. कोरडं सगळं आधी फावड्याने दोनदा पालटून घ्यायचं, मधे आळं करून पाणी ओतायचं आणि दहा मिनिटं तसंच मुरू द्यायचं. लगेच कालवलं तर आत कोरडे गोळे राहतात.

मग तुडवणं. फावड्याने कालवलेल्या चिखलापेक्षा पायाने तुडवलेला चिखल खरोखर चांगला होतो, टाचेखाली गोळे फुटतात आणि पाणी सगळीकडे सारखं जातं. ताडपत्रीवर एका वेळी चार मुलं, हात एकमेकांच्या खांद्यावर, नाहीतर घसरून आपटतात. पंधरा मिनिटांनी पाळी. पाळी संपली तरी बाहेर कोणी येत नाही, म्हणून दोन ताडपत्र्या ठेवाव्यात. पहिल्यांदाच उतरणारी लहान मुलं काठावर उभी राहून पायाची बोटं आखडतात. त्यांना ओढू नये. एखादं घमेलं कोमट पाण्याने कालवून शेजारी ठेवलं की आपणहून एक पाय जातो, मग दुसरा. त्यानंतर त्यांना बाहेर काढायला दुप्पट वेळ लागतो. आईच्या किंवा बाबाच्या गुडघ्याला धरून तुडवणारं मूल आणि तुडवता तुडवता चिखलाचा "पचाक" आवाज ऐकून हसत सुटलेलं घर, यासाठी वेगळं साहित्य लागत नाही.

घट्टपणाची परीक्षा: अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब वळी करायची आणि अर्धगोल वाकवायची. चिरा पडल्या तर पाणी कमी, हाताला चिकटून लोंबली तर जास्त. दुसरी परीक्षा मुलांची आवडती: लिंबाएवढा गोळा कमरेच्या उंचीवरून टाकायचा. चपटा झाला आणि फुटला नाही तर जमलं. गरज चार-पाच गोळ्यांची असते, टाकले जातात दीडशे.

गोणपाटासाठी पातळ काला वेगळा, भज्यांच्या पिठाइतका. एक घमेलं वस्त्रगाळ नसली तरी बारीक चाळलेली माती आणि त्यात हळूहळू पाच-सहा लिटर पाणी. उसवलेली पोती पाच मिनिटं त्यात बुडवून, न पिळता, खालून वर पसरत न्यायची. वरच्या पोत्याची कड खालच्यावर चार इंच, कौलांसारखी. उलट केलं तर फवारलेलं पाणी सांध्यातून आत शिरतं. घड्या पुसून टाकू नयेत, त्याच पुढे सोंडा आणि घळी होतात. सुवेळेची तुकडी पोत्याला ताण देऊन गुळगुळीत करत होती. संजीवनीचा सुरकुतलेला डोंगर बघून त्यांनीच आपलं पोतं सैल केलं.

त्यावर पहिला लेप, बोटभर जाडीचा. लेप लिंपायचा, थापायचा नाही. थापला की आतली हवा अडकून फुगे येतात. तळहाताने खालून वर दाबत न्यावं. बोटांचे ठसे राहतात ते राहू द्यावेत.

6 ऑक्टोबर, सोमवार. कोजागरी

काम बंद. दुपारी 12 ते 4 ओलं फडकं टाकून ठेवलं. ऑक्टोबरच्या उन्हात लेप वरून आधी वाळतो, आतून ओला राहतो, आणि तडकतो. रात्री दूध गच्चीऐवजी किल्ल्याजवळ. चांदण्यात तीन माच्यांची सावली खाली स्वच्छ पडते, नकाशा जमिनीवर ठेवल्यासारखी.

7 ऑक्टोबर, मंगळवार. भेगा, कडे, नेढे

भेगा अपेक्षेइतक्याच. केसाएवढ्या सोडून द्याव्यात, अळिवाची मुळं तिथेच धरतात. पेन्सिल जाईल एवढ्या भेगेवर आधी पाणी शिंपडून मग काला बोटाने भरायचा. कोरड्या भेगेत भरलेला चिखल दुसऱ्या दिवशी तसाच्या तसा खपलीसारखा निघतो. दुसरा लेप अर्ध्या बोटाचा, फक्त उतारांवर.

कड्यांवर दुसरा लेप नाही. सह्याद्रीचे कडे लाव्हाच्या थरांचे, म्हणून आडवे पट्टे दिसायला हवेत. लेप चामड्यासारखा झाला की जुन्या चमच्याने आडव्या रेषा ओढायच्या आणि वर काळ्या मातीचा पातळ हात. दरवर्षी सोसायट्यांतल्या किल्ल्यांचे कडे हिरव्या रंगाने रंगवलेले दिसतात. खऱ्या कड्यावर गवत धरत नाही. हे मुलांना एकदा दाखवलं की पुढे तीच मोठ्यांना अडवतात.

सुवेळा माचीचं नेढं म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक. ते नसेल तर राजगड ओळखू येत नाही. दोन इंची पाइपच्या वीतभर तुकड्याला वर्तमानपत्राचे तीन वेढे देऊन तो लेपात गाडला. चिखल आकसून पाइपला आवळतो आणि फुटतो, म्हणून पाइप पूर्ण वाळेपर्यंत ठेवायचा नसतो. पाच-सहा तासांनी फिरवत ओढून काढायचा, कागद आत राहिला तरी चालतो. पाइप निघाल्यावर प्रत्येक मुलाने डोळा लावून पलीकडे पाहिलं, पलीकडे दुसऱ्या कोणाचा तरी डोळा होता. ही रांग अर्धा तास चालली, तेवढा वेळ आधीच धरावा.

8 ऑक्टोबर, बुधवार. तट आणि बुरूज

पाच वर्षांपासून पुढची सगळी मुलं. घट्ट चिखल, भाकरीच्या पिठासारखा, पाट-लाटण्याने दोन सेंटीमीटर जाड लाटायचा. पाटावर कोरडी माती भुरभुरली की चिकटत नाही. पट्टीने चार सेंटीमीटर रुंद पट्ट्या, त्या उभ्या करून बसवायच्या. बसवण्याच्या जागी दोन्हीकडे ओरखडे काढून काला लावायचा. नुसतं टेकवलेलं सकाळी आडवं पडलेलं सापडतं.

चर्यांसाठी, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या दात्यांसाठी, आइसक्रीमची काडी वरून दाबत जायची, एक काडी दाबलेली, एक काडी मोकळी. जंग्यांना, म्हणजे तटातून मारा करायच्या भोकांना, रिफिलची नळी. बुरूज आइसक्रीमच्या कपात: आतून राख किंवा कोरडी माती, चिखल ठासून, पालथं घालून बुडाला टिचकी. राख विसरली की कप फाडावा लागतो. संजीवनी माचीवर तट दुहेरी आहे, दोन भिंती आणि मधे चिंचोळी वाट. दोन पट्ट्यांच्या मधे पेन्सिल आडवी ठेवून अंतर सारखं राखलं.

या टप्प्यावर सावध राहावं ते मोठ्यांनी. मुलं झोपल्यावर खाली येऊन एखादा कललेला बुरूज सरळ करायचा मोह सगळ्यांना होतो. करू नये. कोणत्या बुरुजावर आपला अंगठा उमटलाय हे चार वर्षांच्या मुलाला सकाळी बरोबर आठवतं, आणि "हा माझा नाही" म्हणून ते तिथून उठतं. कललेल्या बुरुजाला मागून खडा टेकवायला शिकवलं तर ते मूल पुढचे तीन बुरूज स्वतः टेकवतं. यंदा पद्मावतीचे दोन बुरूज उत्तरेकडे झुकलेले आहेत आणि तसेच राहतील.

दरवाजे: पद्मावतीला चोर दरवाजा आणि पाली दरवाजा, सुवेळेकडे गुंजवणे दरवाजा, संजीवनीला अळू दरवाजा. काडेपेटीचे केले तर दव पडून मऊ होतात, म्हणून आइसक्रीमच्या काड्यांचे. नावांच्या पाट्या आठ-दहा वर्षांच्या मुलांनी लिहिल्या. बाकी कशात दुरुस्ती नाही, पण नावाचं स्पेलिंग आणि जागा नकाशावरून तपासून घेतली.

9 ऑक्टोबर, गुरुवार. नाचणी

आठ तास भिजवलेली नाचणी पायथ्याच्या चढावर पेरली, वर चिमटीने बारीक माती. झाकली नाही तर मुंग्या रात्रीत ओळीने घेऊन जातात. वर ओलं गोणपाट, पारव्यांपासून वाचवायला.

10 ऑक्टोबर, शुक्रवार. पाऊस

संध्याकाळी वळीव, वीस मिनिटं. ताडपत्री चार बांबूंवर आधीच ताणून ठेवली होती म्हणून किल्ला वाचला. ताडपत्री थेट किल्ल्यावर टाकली की तिच्या वजनाने चर्या झिजतात आणि खोलगट भागात साठलेलं पाणी एकदम ओततं. बांबूंची एक बाजू वीतभर खाली ठेवावी, पाणी एकीकडे वाहून जातं. संजीवनीचं टोक ताडपत्रीबाहेर राहिलं, तिथली सहा इंच तटबंदी विरघळली. दुरुस्तीला त्याच तुकडीने पंधरा मिनिटं घेतली.

11 आणि 12 ऑक्टोबर. मोहरी, अळीव

शनिवारी माच्यांच्या सपाटीवर मोहरी, सहा तास भिजवून.

रविवारी अळीव. उभ्या उतारासाठी याच्यासारखं बी नाही. पाण्यात अर्ध्या तासात प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत आवरण चढतं आणि दाणा मातीला डिंकासारखा चिकटतो. म्हणून अळीव पेरायचे नसतात, लिंपायचे असतात. 80 ग्रॅम अळिवाला दोन वाट्या पाणी, जास्त घातलं तर ओघळतात. उतार आधी ओला करायचा, मग तळहाताने पातळ थर. दाण्याशेजारी दाणा, दाण्यावर दाणा नाही. हे वाक्य दहादा सांगावं लागतं, कारण तो गारगार बुळबुळीत स्पर्श सोडवत नाही आणि मुलं एकाच जागी लिंपत राहतात. लिंपणं संपल्यावर हात लगेच न धुता दोन मिनिटं उन्हात धरले की आवरण वाळून त्वचा ओढल्यासारखी होते. तो प्रयोगही सगळ्यांनी केला.

पाणी फवाऱ्यानेच, एक फूट लांबून. तांब्याने ओतलं की बी पायथ्याशी गोळा होतं आणि दिवाळीला डोंगर टकला, पायथ्याला जंगल.

14 ऑक्टोबर, मंगळवार. उगवण

अळीव फुटले. पांढरी मुळी आधी, हिरवं टोक मागून. मोहरी काल संध्याकाळीच वर आली होती. गोणपाट तत्काळ काढलं, एक दिवस जास्त राहिलं तर कोंब पिवळे आणि लांबट होतात. झालेच तर घाबरू नये, दिवसभराच्या उन्हात हिरवे होतात.

सहामाही परीक्षेचे दिवस, तरी पावणेसातला खाली नऊ मुलं, दोन गणवेशात, बाकी झोपेच्या कपड्यांत. शाळेसाठी पाच हाका मारून न उठणारी मुलं या आठवड्यात हाकेशिवाय उठतात. घरातल्यांनी याचा उपयोग करून घ्यावा: फवाऱ्याची पाळी दात घासलेल्यांनाच. उंची मोजायची पट्टी घटाच्या वेळचीच, वहीही तीच.

पद्मावतीच्या एका कोपऱ्यात अळीव दाट पडलेत, मुळाशी काळपट होऊन आडवे होतायत. कारण दाटी आणि संध्याकाळचं पाणी. तिथले निम्मे चिमटीने उपटले, पाणी फक्त सकाळी. उपटलेले धुऊन चाखायला दिले, तिखट लागतात. एकाने थुंकले, एकाने अजून मागितले.

15 ऑक्टोबर, बुधवार. तलाव, रंग

पद्मावती तलावाला स्टीलचा जुना कुंडा गाडला, कडा चिखलाने झाकल्या. नुसत्या मातीचा तलाव तासाभरात झिरपतो आणि माचीला आतून भिजवतो. पाणी दर तीन-चार दिवसांनी पूर्ण ओतून, कुंडा घासून नवं. डासाची अंड्यापासून उडेपर्यंतची वाढ आठवडा-दहा दिवसांत होते, आणि हे दिवस डेंग्यूचे.

रंग गेरू आणि पाण्यातले. माळ्यावरच्या जुन्या ऑइल पेंटचे डबे आणू नयेत, त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगांवर शिशाची 90 पीपीएमची (दहा लाखांत 90 भाग) मर्यादा 2017 पासून आली, डबे त्याआधीचे असतात.

17 ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस, मावळे

अळीव साडेतीन सेंटीमीटर, मोहरी चार, नाचणी गवतासारखी बारीक. जमलं.

मावळे 41, मातीचे. तीन वर्षांखालची मुलं जवळ असताना लहान भाले-तलवारी सुटतात का ते ओढून बघावं, सुटणारं आधी काढून ठेवावं. प्रत्येक मावळ्याच्या बुडाला काल्याचा थेंब, नाहीतर मांजर फिरलं की सगळे लोळतात.

सिंहासन बालेकिल्ल्यावर. बाकी कोण कुठे उभं राहील हे मुलांचं. मोठी मुलं पहारे लावतात: दरवाज्याला दोन, बुरुजाला एक. लहान मुलं सगळे मावळे एका ओळीत, स्वतःकडे तोंड करून उभे करतात, कारण त्यांच्याशी बोलायचं असतं. दोन्ही रचना संजीवनीवर शेजारी शेजारी आहेत. पायथ्याच्या गावात गाय-वासरू, झेंडूच्या पाकळ्यांचं शेत, एक एसटी आणि एक डायनासोर. एसटीवर वाद झाला, डायनासोरवर नाही.

18 ते 23 ऑक्टोबर. दिवाळी

दिव्यांची माळ बॅटरीवरची. घरातून वायर ओढून ओल्या मातीत विजेची माळ सोडू नये. पणत्या फक्त पुढच्या फरशीवर: गोणपाट आत वाळलेलं असतं, कडेला उघडं पडलं तर पेटतं. नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झालेली मुलं उटण्याच्या वासासकट थेट खाली, केस ओले. त्या वेळी माहिती सांगायची पाळी लहानांची: येणाऱ्याला नेढं दाखवायचं आणि "यातून बघा" म्हणायचं. आजी-आजोबांसाठी एक खुर्ची शेजारी ठेवावी, त्यांना वाकता येत नाही.

शेवटच्या दिवशी किल्ल्यात सुतळी बॉम्ब लावायची पद्धत काही ठिकाणी आहे. आत विटांचे तुकडे आणि दगड आहेत, ते गोळीसारखे उडतात. इथे नाही.

21 पासून मोहरी झुकायला लागली. कात्रीने वरचा एक सेंटीमीटर कापला की दोन दिवस तग धरते.

2 नोव्हेंबर, रविवार. उतरवणं

तुळशीचं लग्न आजपासून, म्हणून सकाळीच उतरवला. उतरवणंही मुलांनीच, उलट क्रमाने: मावळे, पाट्या, तट, मग पोती. लहान मुलं रडतील असं धरून एक बुरूज प्रत्येकाला घरी न्यायला दिला. बाल्कनीच्या कुंडीत बसवला की पहिल्या-दुसऱ्या पाण्याने तो हळूहळू मातीत जातो.

विटा घासून रचल्या, 90 पैकी 77 पुढच्या वर्षी चालतील. पोती पाचही कुजली, कुंड्यांच्या तळाला. माती चाळून 11 घमेली, तीत मुळं आहेत म्हणून झाडांना उत्तम. काला करायची बादली नळाखाली धुऊ नये, पाइप तुंबतो. ती झाडाच्या आळ्यात रिकामी केली.

पुढच्या वेळेसाठी: ताडपत्री एक फूट मोठी. अळीव 60 ग्रॅम पुरेत. चिखलाच्या दिवशी जुने टॉवेल जास्त.

मावळे 41 ठेवले होते, 38 मिळाले. उरलेले तिघे माती गेली त्या कुंड्यांत असणार. कुंड्या कोणाकोणाकडे गेल्या ती यादी पाटीमागे लिहिली आहे.